तुझ्या तडजोडीतला तिऱ्हाईत

साल दोन हजार पंचवीस. मला शहात्तर पुरी झाली, आणि किसन, तुला माझ्यापेक्षा अर्धं वर्ष कमी. तू हे कधी मानलं नाहीस. तू पोळ्याच्या करीला झालास, आणि माझी माय सांगायची, तवा मी रांगत पायरीपर्यंत यायचो. म्हणजे मीच मोठा. पण आधार कार्ड काढणाऱ्यानं अंदाजानं तारखा टाकल्या आणि तुला मोठा करून ठेवलं. तुझी येष्टी माझ्याआधी फुकट झाली. ते कार्ड तू माझ्या नाकासमोर नाचवायचास. 'कागद बोलतो गड्या,' म्हणायचास. कागदाचं ऐकून तू पुढं निघून गेलास. लहान्यानं पुढं जाऊ नये, एवढी तरी रीत पाळायची होतीस.

लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलून राहिले. बोलू देत. मेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायला काही लागत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, मला तसलं गोड लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही. तुझंमाझं भांडण अर्धं राहिलं आहे. ते मी एकटाच आता कुठं नेऊ?

आपण कोण होतो ते आधी सांगतो, कारण कोर्टाच्या कागदावरून कोणाला कळणार नाही. कोर्टाच्या कागदावर मी वादी, तू प्रतिवादी नंबर एक, आणि तुझा धाकटा भाऊ मारोती प्रतिवादी नंबर दोन. त्याच्या आधीचा एक कागद आहे, तुम्हा दोघा भावांच्या तडजोडीचा. त्यावर मी कोणीच नाही. वकिलानं त्याचा शब्द मला सांगितला. तिऱ्हाईत.

'तडजोड त्या दोघांची झाली, कोर्टानं मंजूर केली. तुम्ही तिऱ्हाईत आहात,' वकील म्हणला.

तिऱ्हाईत म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. रस्त्यानं जाणारा, पाणी मागून प्यालेला आणि तांब्या ठेवून पुढं गेलेला माणूस. तुझ्या घरात मी तांब्या ठेवून कधी पुढं गेलो रे?

आपली दोघांची लग्नं नवी होती तवाची गोष्ट. माझ्या विहिरीला लागून तुझी एक पट्टी पाचरीसारखी घुसलेली होती. आणि ओढ्याच्या पलीकडं, तुझ्या रानाला चिकटून, माझी एक पट्टी होती. ती मी स्वतः सालगडी राहून घेतलेली, बापाची नव्हे. ओढ्याला पाणी आलं की तुझे बैल अलीकडं अडकायचे, माझे पलीकडं. एकदा दोघं असेच ओढ्याच्या दोन काठांवर बसलो होतो आणि तू तिकडून ओरडलास, 'आरं, काहून तकलीफ घेऊन राहिलो आपण? तू माझी पट्टी कर, मी तुझी करतो. कायमची!'

मी इकडून ओरडलो, 'बराबर हाय!'

झाली अदलाबदल. सगळा व्यवहार ओढ्याच्या आवाजात, ओरडून. दुसऱ्या सोमवारी औंढ्याला गेलो, नागनाथापुढं दोघांनी बेल उचलला. येताना पटवाऱ्याला सांगितलं, तर तो पान लावत म्हणला, 'दोघं जिते हात ना? मग कागद कशाला नासवता?' आपल्यालाही ते पटलं.

आणि मग आपण एक शहाणपणा केला. पीक लिहायला माणूस आला की ज्याच्या नावावर रान, त्याच्याच नावानं पीक लिहायला लावायचं. म्हणजे कोणाला गोंधळ नको, कोणी विचारायला नको. माझी हळद तुझ्या सातबारावर, तुझं सोयाबीन माझ्या सातबारावर. अशी किती वर्षं गेली, आणि दर वर्षी आपणच आपल्या हातानं लिहवून घेतलं की अदलाबदल झालेलीच नाही. एवढी चूक करायला दोन माणसांचा एकमेकावर फार भरवसा लागतो.

तुझी त्यावरही चेष्टा असायची. माझ्याकडं हळद शिजवायला कढई चढली की तू न बोलावता यायचास, जाळ घालत बसायचास, भाकर खा म्हणलं तर खायचा नाहीस. आणि हळद वाळली की एक चांगलं हळकुंड उचलून टोपीत ठेवायचास. 'माझ्या सातबाराची हाय,' म्हणायचास. 'गोदीला दाखवतो, तुझ्या नवऱ्याच्या नावावर काय पिकून राहिलंय बघ.' मग मीही तुझ्या सोयाबीनच्या ढिगावर जाऊन मालकासारखा बसायचो.

'ठगलो मी,' तू म्हणायचास. 'तुझ्या पट्टीत नुसते खडे.'

'आन तुझ्या पट्टीत हराळी. मी खणून खणून मेलो.'

'मग दे वापस.'

'तू आधी दे.'

कोणी दिली नाही. कोणाला द्यायची नव्हती.

मारोतीनं तुझ्यावर वाटणीचा दावा लावला तवा मी तुझ्या बाजूनं होतो. तुमची माय गेली त्या दिवशी तुम्ही दोघं भाऊ स्मशानात एकमेकाकडं पाठ करून उभे होतात, मधी मी. घरी येताना तू मला म्हणलास, 'मायला वाटत असंल, पोटाला दगड आले असते तर बरं.' ते मी विसरलो नाही. म्हणून लोकअदालतीत तुमचं मिटलं तवा मला खराच आनंद झाला होता, हे लिहून ठेवतो. तू पेढ्याचा पुडा घेऊन आधी माझ्याकडं आलास, घरी नंतर गेलास. 'मिटलं,' म्हणलास. 'मारोती पाया पडला माझ्या. जजसाहेबासमोर.' तुझे डोळे भरले होते. मी पेढा खाल्ला. आग्रह केलास म्हणून दुसराही खाल्ला.

त्या पेढ्यात माझी पट्टी होती.

मला ते कळलं हळद कमरेला आली होती तवा. मोजणीवाले आले, हळदीत निशाण रोवायला लागले. मारोती बाजूला कागद घेऊन उभा. विहिरीजवळची पट्टी तुझ्या नावावर होती, ती तू तडजोडीत भावाच्या वाट्याला लिहून दिली होतीस. मी तुला बोलावणं धाडलं. तू आलास, पण बांधाच्या आत पाय टाकला नाहीस.

'किसन, हे काय चाललंय?'

'कोर्टानं दिलंय त्याला.'

'कोर्टाकडं कुठली जमीन? तू दिलीस.'

'तिथं गट नंबर वाचले गड्या. भराभरा वाचले. गट नंबरात तुझी हळद दिसत न्हाई.'

'बेल पण दिसला न्हाई व्हय?'

तू खाली बघितलंस. मारोती मधीच म्हणला, 'दादा, कागद दाखवा. कागद असंल तर मी आत्ता निशाण काढतो.' मी त्याला म्हणलं, तू लंगोटीत होतास तवाचा व्यवहार आहे, तुला काय कागद दाखवू.

किसन, आपल्या शिवारातले गट नंबर तुला तोंडपाठ होते. लोक तुला रस्त्यात थांबवून विचारायचे. तवा तू विसरलास हे मी मानत नाही. आणि तू जाणूनबुजून दिलीस, हे मानायला गेलो की जीव घाबरा होतो. या दोन्हीच्या मधी तू मला लटकत ठेवून गेलास. मला राग याचा आहे. जमिनीचा राग वेगळा, तो मारोतीवर काढता येतो.

मग सुरू झालं माझं तिऱ्हाईतपण. कोर्टात गेलो तर म्हणले, तडजोडीचा हुकूम आहे, त्यावर अपील नाही, आणि तुम्ही तर त्यात नव्हतातच. मी म्हणलं, नव्हतो हेच तर सांगून राहिलो. कोणी म्हणलं, लोकअदालतीचं असेल तर मोठ्या कोर्टात जावं लागतं, संभाजीनगरला. गेलो. तिथं म्हणले, अदलाबदल झाली की नाही हे साक्षीपुराव्याचं काम, खाली जाऊन दावा लावा. खाली आलो. वर गेलो की खाली बोट, खाली आलो की वर बोट. ज्या दोघांनी सही केली त्यांना सगळी दारं, आणि ज्याची पट्टी गेली त्यानं विचारत फिरायचं की बाबा, माझं दार कोणतं. शेवटी दावा लागला, आणि कोर्टानं तोवर जैसे थे ठेवायला सांगितलं. हळद वाचली तेवढ्यावर.

वकील वाईट नव्हता. त्यानं एक मसुदा वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की वादी हा प्रतिवादी नंबर एकच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, वैरभावाने इतकी वर्षे कब्जात आहे.

मी म्हणलं, 'वैरभाव कुठला?'

'लिहावं लागतं. मालकाच्या विरोधात ताबा ठेवला तर तुमचा हक्क तयार होतो. राजीखुशीनं ठेवला तर होत नाही.'

'मग न्हाई झाला तर न्हाई. किसनशी माझं वैर नव्हतं.'

'आता तर आहे ना?'

'आता भांडण हाय. वैर न्हाई.'

त्यानं पेन माझ्यापुढं केलं, मी हात मागं घेतला. बालाजी, माझा पोरगा, माझ्यावर बिगडला. 'आबा, एका शब्दासाठी जमीन घालवता?' मी म्हणलं, तो शब्द खोटा आहे. वकिलानं चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणला, मग तुमच्याकडं एकच आधार राहिला. किसनराव स्वतः पिंजऱ्यात उभे राहून अदलाबदल झाली म्हणाले तर. म्हणजे माझा सगळा खटला प्रतिवादीच्या तोंडावर. ऐकणारे हसले. मी नाही हसलो, कारण तुझं तोंड मला माहीत होतं.

पहिल्या दोन तारखांना वसमतच्या कोर्टात जाताना आपण येष्टीत लांब लांब बसलो. तिसऱ्या तारखेला गर्दी होती, तू तुझ्याजवळची पिशवी उचललीस आणि खिडकीकडं तोंड करून म्हणलास, 'बस. जागा सरकारची हाय.' मी बसलो. कंडक्टर ओळखीचा, तो म्हणला, 'काय बाबा, वादी-प्रतिवादी एकाच सीटवर?' तू म्हणलास, 'भांडण वसमतला सुरू व्हतं. तोवर टाइम हाय.' गोदाबाईनं दिलेल्या भाकरी दोन माणसांच्या असायच्या. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस, खाल्ल्या.

आणि मग तो दिवस. तुझ्या साक्षीचा. धुतलेलं धोतर, कडक टोपी. पुकारा झाला, तू उठलास, पिंजऱ्याच्या पायरीवर एक पाय ठेवलास. तेवढ्यात मारोतीच्या वकिलाचा अर्ज आला की साहेब आज दुसरीकडं अडकले आहेत, तारीख द्या. दिली. तू पाय खाली घेतलास. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. तू बोलायला तोंड उघडलं होतंस किसन, मी बघितलं. काय येणार होतं बाहेर?

येताना येष्टीत मी विचारलंच. 'काय सांगणार व्हतास?'

'तिथंच ऐकलं असतंस.'

'खरं सांगणार व्हतास का?'

'येष्टीतली साक्ष कोणी लिव्हून घेत न्हाई,' म्हणून तू हसलास. उतरायच्या आधी म्हणलास, 'खरं बोललो तर मारोती जाईल. न्हाई बोललो तर तू जाशील. तूच सांग, कोणाला जाऊ दिऊ?'

मी म्हणलं, 'मी कुठं जातो? मी माझ्या पट्टीतच हाय.'

तू मान हलवलीस. कशाला हलवलीस? हो म्हणून, की याला काही कळत नाही म्हणून? पुढच्या तारखेच्या आत तू गेलास. मारोती गेला नाही, मी गेलो नाही, तूच गेलास. असा निकाल लावतात का?

राख सावडायला गेलो तवा मारोती माझ्याशेजारी बसला. रडून सुजलेला होता, खोटं कशाला बोलू. हलकेच म्हणला, 'दादा, आता सोडा. सांगणारा गेला.'

मी म्हणलं, 'म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी व्हतं, एवढं कबूल हाय ना तुला?'

तो उठून पलीकडं गेला. त्यालाही माहीत आहे. पण त्याला इतक्या वर्षांनी भाऊ मिळाला होता, आणि तो भाऊ त्या तडजोडीच्या कागदातून मिळाला होता. तो कागद तो फाडू देणार नाही. तुझंही तेच झालं असेल. हे मला समजतं. समजलं म्हणून राग जात नाही.

तुझं तेरावं झालं. जेवणावळ उठली. संध्याकाळी बालाजी माझ्यापुढं येऊन बसला. वकिलाशी बोलून आला होता. वकील म्हणत होता, किसनरावांच्या जागी आता त्यांच्या बायकोचं नाव प्रतिवादी म्हणून घालावं लागेल. आणि पुढं म्हणला की खरं सांगू का, तुमच्या हातात सोपा उपाय आहे.

तो उपाय बालाजीनं सांगितला. 'आबा, डोकं लावा. विहिरीजवळची गेली तर गेली. वढ्यापलीकडची आपल्याच नावावर हाय ना? सोयाबीन निघालंय, रान मोकळं हाय. उद्या सकाळी टॅक्टर सांगितलाय. नांगर घालतो. कोण आडवणार? कागद आपला.'

'तिथं गोदाबाई खातेत.'

'खात असतील. किसनकाकानं आपल्या ताटातलं उचलून भावाला वाढलं. तवा आपल्याला इचारलं व्हतं का?'

पोरगं खोटं बोलत नव्हतं. गावात कोणालाही विचारा, हेच सांगतील. एक पट्टी गेली, एक आली, हिशेब बराबर, कोर्ट सुटलं. तुझ्या घराचं दोन्हीकडून गेलं तर तो तुझ्या सहीचा दोष.

पण मग आपल्या अदलाबदलीचं काय? त्या रानात माझा नांगर गेला म्हणजे मीच म्हणल्यासारखं झालं की ती कधी झालीच नव्हती. ओढ्याच्या दोन काठांवरून आपण ओरडलो नव्हतो, बेल उचलला नव्हता, मी इतकी वर्षं लोकाच्या रानात हळद लावत होतो आणि तू लोकाच्या रानात सोयाबीन. तू पिंजऱ्यात काय बोलला असतास ते मला माहीत नाही. पण माझी साक्ष तरी माझ्या हातात आहे. ती मी टॅक्टरनं देऊ?

'आबा, इचार करून राहिलात का झोपलात?'

'टॅक्टर नको.'

'मग इकडची बी जाईल आन तिकडची बी. दोन्हीकडून रिकामे.'

'जाऊ दे. पण झाली व्हती.'

'काय झाली व्हती?'

'अदलाबदल.'

बालाजी उठून गेला. जाताना म्हणला, 'तुमी आन किसनकाका, दोघं बी एकाच मातीचे.' त्याला ती शिवी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्टरवाला दारात आला, त्याला चहा पाजून वापस लावला. मग तुझ्या घरी गेलो. गोदाबाई शेळी सोडत होत्या.

'शेळी बांधा,' म्हणलं. 'शेजारणीला बघायला सांगा. आधार कार्ड घ्या, वसमतला जायचंय.'

'माझं नाव कोर्टात घालताव व्हय भाऊजी?'

'ते नंतर. आज दुसरं काम हाय.'

'आत्ता कुठं तेरावं झालं. लोक काय म्हणतील?'

'लोक दोन वर्षांपासून म्हणूनच राहिलेत.'

त्या आल्या. कोर्टासमोर दस्त लिहिणारे बसतात, त्यातल्या एकाच्या टेबलाशी गेलो. सातबारा ठेवला. ती पट्टी माझ्या स्वतःच्या कमाईची, बालाजीची सही लागत नाही, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणलं, ही वढ्यापलीकडची पट्टी यांच्या नावानं करायची. अदलाबदल लिव्हा.

'समोरचा कुठं आहे?'

'मेला.'

'त्याची जमीन?'

'कोर्टात हाय.'

'मग अदलाबदल कशाशी करता बाबा? हे बक्षीसपत्र होतं.'

'बक्षीस न्हाई. बदल्यात घेतलंय मी. इतकी वर्षं खाल्लंय.'

'त्याला काही पुरावा?'

त्यानं बक्षीसपत्र लिहिलं. वाचून दाखवलं. मधी एक ओळ आली, की लिहून देणार हे लिहून घेणार यांच्या कुटुंबाविषयी वाटणाऱ्या प्रेम व मायेपोटी, राजीखुशीने, सदरची जमीन बक्षीस देत आहेत.

मी म्हणलं, 'ते प्रेम-बिम काढा.'

'काढता येत नाही. ते काढलं तर देण्याला कारणच राहत नाही.'

'दुसरं कायतरी कारण लिव्हा.'

'सांगा, लिहितो.'

किसन, मी लई वेळ डोकं लावलं. तू जिता असतास तर बांधावरचं बोर सुद्धा तुला बक्षीस दिलं नसतं मी. झाडाला दगड मारून घे म्हणलं असतं.

बाकड्यावरून गोदाबाईनं विचारलं, 'काय म्हणून राहिलेत ते भाऊजी? काय काढा म्हणता?'

'काही न्हाई,' म्हणलं. 'छापील हाय.'

आणि त्यानं बोट ठेवलं होतं तिथं सही केली.